चित्र दिवसाच्या शेवटी नको: आमवात, घरून नोकरी आणि रेखाटन यांचं एक प्रकरण

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं घर. ३७ वर्षांची बाई, उजव्या हाताची. दोन वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालेलं, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरून आरोग्यविम्याचे दावे तपासण्याची नोकरी: सोमवार ते शुक्रवार, साडेनऊ ते साडेसहा, दिवसाला ६० दावे. घरात नवरा, सासूबाई आणि चौथीतला मुलगा. शिवाय कॉलेजपासूनचा छंद, बारीक निब आणि काळ्या शाईने वाडे, घाट, देवळांची शिखरं रेखाटण्याचा.

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. अशा अनेक घरांत दिसणारे तपशील एका व्यक्तीभोवती आणले आहेत. आकडे या प्रकरणापुरते आहेत, ते दुसऱ्याच्या हाताला जसेच्या तसे लावू नयेत. हिशेब करायची रीत मात्र कुणालाही उचलता येईल.

तिचा प्रश्न असा होता: चित्र काढलं की दुसऱ्या दिवशी हात सुजतो, तर चित्र सोडून द्यावं का? घरच्यांचं मत ठरलेलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "हात दुखतोय म्हणतीस आन् परत रेघोट्या वडत बसतीस व्हय गं?" त्यात काळजीच होती. घरात सगळ्यांना दिसत होतं ते रात्री दहाचं चित्र. सकाळपासून हाताने काय काय केलंय, हे कुणी मोजलेलं नव्हतं, तिनेही नाही.

चित्र सोडण्याचा प्रयोग तिने एकदा केला होता. सहा आठवडे निब डब्यात बंद. सूज होती तशीच राहिली, फक्त चिडचिड आणि झोपेची तक्रार वाढली. ही माहिती तिने जाता जाता सांगितली, पण सगळ्यात महत्त्वाची तीच होती.

आधी आजार, मग निबची जाडी

दोन्ही हातांत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाचे सांधे सुजलेले, उजवं मनगट गरम, बोटांच्या टोकाकडचे सांधे मोकळे. आमवातात हे चित्र नेहमीचं. सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला ८० मिनिटं लागत होती. आखडलेपण तासापेक्षा जास्त टिकतं आणि सूज बोटाला लागते, याचा अर्थ आजार अजून आटोक्यात नाही. अशा वेळी जाड पेन, उशी, टायमर यांनी भार कमी होतो, सांध्यातला दाह थांबत नाही. म्हणून पहिली पायरी तिला संधिवाततज्ज्ञांकडे परत पाठवण्याची. त्यांनी तपासण्या पाहून मेथोट्रेक्सेटचा, म्हणजे आमवात आटोक्यात ठेवणाऱ्या गोळीचा, डोस वाढवला. त्याचा परिणाम दिसायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, त्यामुळे पुढचं सगळं या प्रतीक्षेच्या काळात सुरू झालं. शेवटी जो फरक पडला त्यात गोळीचा वाटा किती आणि दिनक्रमाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. तसं कुणी काढून दाखवत असेल तर सावध राहावं.

गोळी घेण्याचा वारही आड येत होता. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ही बाई ती रविवारी रात्री घेत होती, मग सोमवारी मळमळ आणि डोकं जड, आणि सोमवारीच दाव्यांचा ढीग सगळ्यात मोठा. वार शुक्रवारवर न्यायचं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं, पण रविवारवरून शुक्रवारवर यायचं तर मध्ये एकदा पाच दिवसांचं अंतर पडतं किंवा बारा दिवसांचं. कुठलं चालेल हे डॉक्टरांनी ठरवलं, घरी बसून ठरवायची ही गोष्ट नाही. कॅलेंडरवर प्रत्येक शुक्रवारी 'मेथो' असं लिहिलं. मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलेलं फॉलिक ॲसिड कुठल्या वारी घ्यायचं तेही डॉक्टरांनी सांगितलं तसं वेगळ्या रंगाने लिहिलं. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असू शकतात, आणि चुकून मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. त्या दोन पाकिटांचे डबे वेगळे, आणि सासूबाईंनाही दाखवून ठेवलेले.

दोन आठवड्यांची नोंद

एक साधी शंभर पानी वही. दर अर्ध्या तासाला हाताने काय केलं ते दोन-तीन शब्दांत, आणि वेदना ० ते १०. रोज सकाळी आखडलेपण किती मिनिटं टिकलं. एवढंच. यापेक्षा जास्त रकाने केले की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते.

वहीतून जे निघालं ते असं. सकाळी सहा ते सव्वासात, म्हणजे हात सगळ्यात आखडलेले असताना, ज्वारीचं पीठ मळून आठ भाकऱ्या आणि मुलाचा डबा. पीठ मळताना मुठीचा भार नेमका बोटांच्या मुळांवर येतो, तिथेच सूज. नंतर साडेनऊ ते दीड, न उठता, लॅपटॉपच्या टचपॅडवर. एका दाव्याला सरासरी ४५ क्लिक, ६० दाव्यांचे २,७००, सगळे उजव्या तर्जनीचे. दुपारी चारच्या सुमारास वेदना ६ वर. संध्याकाळी कपडे पिळणं, कुकरचं झाकण, मुलाचा अभ्यास. रात्री दहाला ट्यूबलाइटखाली निब.

हाताचं खातं एकच असतं. भाकरी, माऊस आणि चित्र यांची तीन वेगळी खाती नसतात. दिवसभर काढून काढून रात्री शिल्लक राहील ते चित्राच्या वाट्याला येत होतं, आणि शिल्लक काहीच नसायचं. चित्रामुळे हात सुजत होता असं नाही. सुजलेल्या हाताने चित्र काढलं जात होतं.

रविवार मात्र उलटा जायचा. सकाळी रंकाळा तलावावर जाऊन, बरं वाटतंय म्हणून, सलग चार तास. मग सोमवार-मंगळवार हात उचलवत नाही. बऱ्या दिवशी जास्तीचं उरकून घेण्याची ही सवय जवळपास प्रत्येक दीर्घ आजारात दिसते आणि तीच सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण त्या वेळी काही दुखत नसतं. म्हणून मोजमाप वेदनेवर न ठेवता दोन तासांच्या नियमावर ठेवलं: काम थांबवल्यावर दोन तासांनीही वेदना आधीपेक्षा जास्त असेल तर ते काम प्रमाणाबाहेर झालं.

या नियमात बसलेल्या चित्राच्या पाच बैठका वहीत सापडल्या: २५, ४०, ३०, २० आणि ३५ मिनिटं. सरासरी ३०. सुरुवात त्याच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे २० मिनिटांवर. बरं वाटलं तरी २०, कंटाळा आला तरी निदान १०. दर आठवड्याला फक्त २ मिनिटं वाढवायची. हे तिला फार अपमानास्पद वाटलं, आणि तसं वाटणं स्वाभाविक आहे. चार तास बसणाऱ्या माणसाला २० मिनिटं म्हणजे शाई उघडण्यातच जातील असं वाटतं. म्हणून मांडामांड आधी सोडवावी लागली: कागद फळीवर लावलेला, साहित्य एका ताटात, ताट कपाटाच्या कमरेच्या उंचीच्या कप्प्यात. शाईची बाटली घट्ट झाकणाची होती, तिच्याऐवजी फ्लिप झाकणाची छोटी बाटली.

चित्र कुठल्या वेळी

वहीत सगळ्यात कमी वेदना साडेदहा ते दीड या वेळात होती. त्या वेळेवर कंपनीचा हक्क. पण जेवणाची एक तासाची सुट्टी दीडऐवजी साडेबाराला घेता आली तर त्या तासातली पहिली २० मिनिटं चित्राला मिळतात, उजेड असतो, आणि हात अजून थकलेला नसतो. चित्र आधी, जेवण नंतर. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीनच दिवस. सोमवार मुद्दाम सोडला, शुक्रवारी आठवड्याचा शीण असतो.

व्यवस्थापकांना लिहिलेलं पत्र छोटं होतं. आजाराचं वर्णन एका ओळीत, डॉक्टरांचं पत्र सोबत, आणि तीन मागण्या: जेवणाची सुट्टी साडेबारा ते दीड; दर ४० मिनिटांनी ३ मिनिटं उठण्याची मुभा, दिवसाचे एकूण तास तेवढेच; पहिले दोन आठवडे उद्दिष्ट ६० ऐवजी ५०, कारण डाव्या हाताने माऊस शिकायचा आहे. चित्राचा उल्लेख केला नाही. सुट्टीत माणूस काय करतो हा त्याचा प्रश्न. "शक्य असेल ते सहकार्य करावं" अशी मोघम वाक्यं काढून टाकली. मोघम मागणीला मोघम उत्तर येतं. तीनही मागण्या मान्य झाल्या, तिसरी तारखेसह.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा विषय निघाला होता. त्यातल्या २१ प्रकारांत आमवात नावाने नाही. सांध्यांची हालचाल कायमची कमी झाली तर चलनवलनाच्या अपंगत्वाखाली मोजमाप होतं आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. तिच्या हाताची हालचाल तेवढी कमी झालेली नाही, त्यामुळे त्या वाटेला जाण्याची गरज पडली नाही.

टेबल, माऊस, पाट

जेवणाचं टेबल ७६ सेंटीमीटर उंच, प्लास्टिकची खुर्ची ४३. म्हणजे खांदे वर चढलेले आणि मनगटं वर वाकलेली. खुर्चीवर ८ सेंटीमीटर जाडीची घट्ट उशी घातली. मग पाय लोंबकळायला लागले, तेव्हा खाली जेवायचा लाकडी पाट ठेवला. लॅपटॉप दोन पालथ्या डब्यांवर ठेवून पडदा डोळ्यांच्या पातळीला, कीबोर्ड वेगळा. एकूण खर्च कीबोर्ड आणि उभ्या माऊसचा.

माऊस डाव्या हाताला, बटणांची अदलाबदल करून. आठ दिवस कामाचा वेग ४८ दाव्यांवर घसरला, नंतर परत आला. पण डाव्या हातालाही आमवात आहे, हे विसरून चालत नाही. म्हणून सकाळी उजवा, दुपारी डावा असं वाटून घेतलं. खरा फायदा क्लिक कमी करण्यात झाला. दाव्यावर लिहायचे १४ ठरावीक शेरे तिने लघुरूपांत बांधले, दोन अक्षरं टंकली की पूर्ण शेरा उमटतो. पुढचा दावा उघडणं, जोडपत्र पाहणं, मंजुरी यांचे कीबोर्ड शॉर्टकट एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला लावले. ४५ क्लिकचे २७ झाले, दिवसाचे साधारण १,६२०. चित्र पूर्ण बंद करूनही हाताला एवढी विश्रांती मिळाली नव्हती.

बोलून टंकणं मात्र जमलं नाही. रुग्णांची माहिती बाहेरच्या सेवेकडे आवाजाच्या रूपात जाऊ नये म्हणून कंपनीने परवानगी नाकारली, आणि ते रास्त आहे. घरगुती निरोप ती आता मराठीत बोलून लिहिते.

स्वयंपाकघरात दोनच बदल केले. भाकरीची वेळ सव्वाआठवर नेली, त्याआधी पातेल्यातल्या कोमट पाण्यात १० मिनिटं हात बुडवून बोटं सावकाश उघडणं-मिटणं. सांधा लाल आणि गरम असेल त्या दिवशी शेक नाही, थंड पट्टी. आणि पीठ मळायचं काम नवऱ्याकडे, थापायचं तिच्याकडे. मुलाच्या डब्यासाठी आदल्या रात्रीची तयारी. कधी भाकरी विकत आणली तर त्यावर घरात चर्चा करायची नाही, असं सासूबाईंनीच जाहीर केलं.

हातात काय धरायचं

निबचा दांडा ८ मिलिमीटरचा. बारीक वस्तू धरायला चिमूट घट्ट आवळावी लागते. पहिली दुरुस्ती फसली: एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम आणला, पण जाड भिंतीचा, म्हणजे बाहेरून जवळपास २५ मिलिमीटर. तिचा पंजा लहान. चिमटीऐवजी सगळी मूठ आवळली जाऊ लागली आणि अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. मग ६ मिलिमीटर भोकाचा, ६ मिलिमीटर भिंतीचा घेतला. पेन्सिलीवर ताणून बसवल्यावर १९-२० मिलिमीटर होतो. १० सेंटीमीटरचा तुकडा पुरतो. बसवताना आत थोडी टाल्कम पावडर टाकली की ओढाताण होत नाही.

पेन टॅब्लेट घ्यावा का, यावर बराच विचार झाला. दुकानात हातात घेऊन पाहिला. काच गुळगुळीत, पेन घसरू नये म्हणून ती अधिक आवळून धरत होती. शिवाय दिवसाचे आठ तास पडद्यासमोर गेल्यावर परत पडदा. नाही घेतला. दुसऱ्या कुणाला तो सोयीचा पडेल. विकत घेण्याआधी २० मिनिटं वापरून दोन तास थांबावं, हात उत्तर देतो.

सगळ्यात मोठा फरक कागदाच्या आकाराने पडला, आणि तो उलट वाटणारा आहे. ती ए५ वहीत काढायची, लहान चित्र म्हणजे कमी श्रम या समजुतीने. पण एक-दीड सेंटीमीटरची रेघ बोटांच्या सांध्यांतून निघते. पंधरा सेंटीमीटरची रेघ कोपर आणि खांद्यातून. ए३ कागद, ४५ सेंटीमीटरची फळी, तिची मागची कड १५ सेंटीमीटर उचललेली, म्हणजे साधारण २० अंशांचा उतार. करंगळी कागदावर टेकवून पूर्ण हात सरकवायचा. एचबी पेन्सिलीला जो काळेपणा यायला दाब लागतो तो ६बी नुसती फिरवली तरी येतो.

शेडिंगसाठी निबच्या आडव्या-उभ्या जाळीच्या रेघा बंद केल्या. एका वाड्याच्या भिंतीला शेकडो रेघा लागायच्या. त्याऐवजी पावडर शेडिंग: चारकोलची पूड कापसाच्या बोळ्याने किंवा जाड मऊ ब्रशने कागदावर फिरवायची, उजेडाच्या जागा मळून मऊ केलेल्या खोडरबराने उचलायच्या. बोळा तळहातात धरता येतो, चिमूट लागतच नाही. कोल्हापुरात हे शिकायला लांब जावं लागत नाही. चंद्रकांत मांढरे हे चित्रपट अभिनेते आणि चित्रकार; राजारामपुरीतल्या त्यांच्या नावाच्या कलासंग्रहालयात त्यांची पावडर शेडिंगची चित्रं आहेत. जवळून पाहिली की धूसर डोंगर आणि कडक खोड एकाच पुडीतून कसं येतं ते कळतं. एक काळजी मात्र हवीच. आमवात आणि मेथोट्रेक्सेट दोन्हींचा संबंध फुप्फुसांशी येऊ शकतो, म्हणून पूड फुंकायची नाही. कागद उभा धरून मागून टिचकी मारायची, खाली ओलं फडकं, तोंडावर मास्क.

पाचवा आठवडा

चार आठवडे व्यवस्थित गेले आणि पाचव्यात हात पुन्हा सुजला. कारणं वहीत तीन सापडली: पावसाळी हवेने कागद सर्दावला होता, रेघ फिकी उठत होती, म्हणून ती नकळत दाबत होती; घरी पाहुणे, तांबडा-पांढरा रस्सा, लसूण सोलणं; आणि २८ मिनिटांचा टायमर बंद करून ५५ मिनिटं बसणं. कागदाचा उपाय जुनाच: बंद कपाटात शून्य वॉटचा बल्ब, कागदापासून वीतभर लांब, आणि लागेल तेवढाच कागद बाहेर. मर्यादा २० मिनिटांवर परत आणली, शून्यावर नाही. हे फार महत्त्वाचं. सूज आली की सगळं बंद, उतरली की सगळं सुरू, हाच जुना घोळ असतो.

सूज भडकलेल्या दिवसांसाठी तिने वेगळं ताट केलं: जाड वॉश ब्रश, पाणी, एकच राखाडी रंग. पाच मिनिटं, फक्त छायाप्रकाशाचे तीन ठोकळे, हवं तर डाव्या हाताने. रात्री मनगटाला विश्रांतीचं स्प्लिंट, म्हणजे मनगट स्थिर ठेवणारा आधार. स्टेरॉइडची उरलेली गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही.

डॉक्टरांना लगेच फोन कशासाठी करायचा, ते फ्रिजवर लावलं आहे. ताप, तोंडात फोड, नवा कोरडा खोकला किंवा धाप, एकच सांधा अचानक लालभडक होणं. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येणं, म्हणजे मनगटात नस दबत असण्याची शक्यता. आणि करंगळी किंवा अनामिका एकाएकी सरळ न होणं. हे शेवटचं लोक आखडलेपण समजून आठवडाभर काढतात, पण मनगटाजवळ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेली असू शकते आणि तिथे उशीर महाग पडतो.

पुराची तजवीजही याच कागदावर आली. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरात महामार्ग बंद झाला, शहराचे पाणीउपसा पंप बुडाले आणि पेठांत टँकर फिरले. मंगळवार पेठेतलं घर कोरडं राहिलं तरी हंडे-बादल्या उचलणं सुजलेल्या मनगटाला परवडत नाही. म्हणून पाच लिटरचे सहा कॅन, जे दोन्ही हातांनी छातीशी धरून नेता येतात. जून ते सप्टेंबर चार आठवड्यांच्या गोळ्या घरात, रक्ततपासणी शक्यतो जुलैच्या मध्याआधी. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की व्यवस्थापकांना वीज आणि इंटरनेटबद्दल आधीच कळवायचं, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही.

सोळाव्या आठवड्याची स्थिती

सकाळचं आखडलेपण ८० वरून ३५ मिनिटांवर. पकड मोजायला बीपीच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून २० मि.मी. पाऱ्यापर्यंत फुगवतात आणि मुठीत दाबायला लावतात. उजव्या हाताचा आकडा ९० वरून १३०. दावे पुन्हा ६०, म्हणजे पूर्ण उद्दिष्ट. आठवड्यात ३५ मिनिटांच्या तीन बैठका आणि रविवारी रंकाळ्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन, मध्ये अर्धा तास चालणं. सोमवारी हात उचलतो.

बारीक निबचं जाळीकाम परत आलेलं नाही. सहा मिनिटांपुढे ते दोन तासांच्या नियमात बसत नाही, आणि याचं तिला वाईट वाटतं. आधीचे हात तिला आठवतात. निब तिने टाकून दिलेली नाही, शिखरावरचा कळस किंवा खिडकीचे गज तेवढे त्याच निबने काढते, शेवटची सहा मिनिटं.

पुढचा अडथळा दिवाळीचा आहे. चकलीचा सोऱ्या पिळताना मनगट नेमकं नको त्या दिशेला वळतं, आणि फराळाच्या आठवड्यातच वर्षाखेरचे दावे वाढायला लागतात. सोऱ्या नवऱ्याकडे आणि चुलतदिराकडे, करंज्यांची मुरड सासूबाईंकडे, लाडू तिच्याकडे कारण ते तळहाताने वळले जातात. मंगळवार, बुधवार, गुरुवारची साडेबाराची वेळ त्या आठवड्यातही तशीच लिहिली आहे, फक्त ३५ ऐवजी २०.